पाण्याखालच्या टेकडीची चोरी

१

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता आमच्या लक्षात आलं, की समुद्राच्या तळावरची एक टेकडी चोरीला गेली आहे.

टेकडी तशी लहानच. तीनशे मीटर लांब, दोनशे रुंद, बंदराच्या तोंडापासून दीड किलोमीटर बाहेर. आजूबाजूला अठरा मीटर पाणी, आणि तिच्या खडकाळ माथ्यावर जेमतेम पाच. तिथलं पाणी गढूळ असल्यामुळे ती कोणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, पण आमच्या केंद्राच्या संगणकात ती कित्येक वर्षं सुखाने नांदत होती. आता पडद्यावर तिच्या जागी सपाट तळ होता, इस्त्री फिरवल्यासारखा.

आमचं काम लाटांचं गणित मांडण्याचं. खोल समुद्रातून निघालेली लाट किनाऱ्याजवळ आली की तिचे पाय तळाला लागतात. पाणी उथळ असेल तिथे ती मंदावते, खोल असेल तिथे पुढे जाते, आणि या ओढाताणीत वळते. वाटेत पाण्याखाली टेकडी असेल तर लाट दोन्ही बाजूंनी तिच्याकडे झुकते आणि टेकडीच्या मागे तिचा जोर एकवटतो, भिंगाखाली ऊन एकवटावं तसा. आम्ही समुद्राचे पन्नास-पन्नास मीटरचे चौकोन पाडले आहेत. प्रत्येक चौकोनाची खोली एका फाइलमध्ये आहे. ती फाइल आणि वाऱ्याचे आकडे घेऊन संगणक रोज पहाटे हिशेब सोडवतो, आणि सहा वाजता एक कागद निघतो. बंदराच्या तोंडाशी आज लाट किती उंच असेल, तो आकडा त्यावर असतो. दीड मीटरच्या वर गेला तर फेरीबोट सुटत नाही.

आदल्या शुक्रवारी फेरीबोट सुटली होती. बंदराच्या तोंडाशी दोन मीटरची लाट तिच्या अंगावर आली. प्रवाशांच्या बाजूची एक काच फुटली, दोघांना खरचटलं आणि एका निवृत्त शिक्षिकेचं मनगट तीन ठिकाणी मोडलं. कप्तानाचा परवाना काढून घ्यायचा की नाही, हे येत्या शुक्रवारी तीन जणांची समिती ठरवणार होती.

कागद मी काढते. कप्तान माझा धाकटा भाऊ आहे.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. अडचणीचं काही बोलायचं असलं की ते चष्मा पुसतात. खोलीच्या फाइलवर शनिवारची तारीख आहे, असं ते म्हणाले. त्या महिन्यात काढलेल्या सगळ्या कागदांच्या फाइलींवरही शनिवारचीच. म्हणजे अपघाताच्या दुसऱ्या दिवशी कोणीतरी टेकडी पुसली, महिन्याभराचा हिशेब नव्याने सोडवला आणि जुन्या कागदांच्या जागी नवे ठेवले. आता जो बघेल त्याला वाटेल की चूक अंदाजाची होती, कप्तानाची नव्हे.

"मॅडम, माझी तुमच्यावर शंका नाही," ते म्हणाले. "पण त्या फाइली बदलायची परवानगी दोघांनाच आहे. आणि शनिवारी तुम्ही इथे होतात."

होते. एकटीच होते, सकाळी दहा ते एक.

२

साहेबांनी बाईंना बोलावलं. बाई म्हणजे केंद्राच्या पहिल्या गणितज्ञ. आमच्या मॉडेलची पहिली आवृत्ती त्यांनी लिहिली, आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, आणि आता शहराच्या दुसऱ्या टोकाला तीन मांजरांसह राहतात. त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली. त्या दुपारी बसने आल्या, त्यांच्या जुन्या खुर्चीत बसल्या, खुर्ची कुरकुरली तेव्हा "मीही तेच म्हणते" असं तिला म्हणाल्या, आणि मला विचारलं, की टेकडी शेवटची कधी पाहिलीस.

मला सांगता येईना. रोजच्या घरातल्या खिडकीचे गज किती आहेत हे सांगता येत नाही, तसं झालं. एवढंच सांगितलं, की तीन आठवड्यांपूर्वी, सहा तारखेला, तळाची नवी मोजणी फाइलमध्ये घातली. त्यानंतर मी सगळं पडताळून पाहिलं होतं. सरासरी खोली जुळत होती, आणि बाहेर समुद्रात तरंगणारा आमचा बोया लाटा मोजतो, त्याच्याशी अंदाजही छान जुळत होता. शिवाय मोजणी काकांनी केलेली. काका म्हणजे मोजणी बोटीचे चालक, चाळीस वर्षं याच पाण्यात. काकांच्या मोजणीतून टेकडी सुटणं म्हणजे आईच्या नजरेतून पोर सुटणं.

"आणि बोया कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

टेकडीच्या पलीकडे, खोल पाण्यात, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी टिपलं.

परवानगी असलेला दुसरा माणूस म्हणजे आमचा संगणकवाला. त्याला सगळे कुलूप म्हणतात, आणि तो रागावत नाही, कारण त्याला ते पदक वाटतं. त्याच्या टेबलाचा खण बंद, खणाची किल्ली दुसऱ्या खणात, आणि तो खणही बंद. बाईंनी त्याला शनिवारबद्दल विचारलं. त्याने फाइलींतला एकही आकडा बदललेला नाही, असं शपथेवर सांगितलं. त्यापुढे, मी काय करतो आणि केव्हा करतो हे सांगणं सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य नाही, असं म्हणून तो गप्प बसला.

"जेवलास का, हे तरी सांगतोस ना बायकोला?" बाई म्हणाल्या.

तो लाजून हसला, पण उघडला नाही.

शुक्रवारचा छापील कागद मिळाला असता तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण धक्क्यावरच्या फलकावरून कागद रोज संध्याकाळी काढून टाकतात. तिकीट खिडकीवाली म्हणाली, की ती तो वाचत नाही, बोट सुटली की तिकिटं फाडते. त्या कागदावर काय होतं ते पाहिलेला एकच माणूस उरला.

संध्याकाळी आम्ही माझ्या माहेरी गेलो. भाऊ अपघातापासून तिथेच येऊन राहिला होता. बाईंनी त्याला सरळ विचारलं, की शुक्रवारी सकाळी कागदावर आकडा काय होता.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "माहीत नाही. मी कागद वाचलाच नाही."

३

माझा भाऊ अडतीस वर्षांचा आहे. ऐंशी प्रवाशांची बोट चालवतो, खलाशी त्याला कप्तानसाहेब म्हणतात, आणि घरी तो अजून छोट्या आहे. लहानपणी खोटं बोलताना तो उजव्या कानाची पाळी ओढायचा. आता सवय गेली आहे, पण हात अर्ध्यावर जाऊन परत येतो.

कागद न वाचता बोट सोडली हे कबूल करणं म्हणजे परवाना स्वतःच्या हाताने समितीच्या टेबलावर ठेवणं. बाईंनी त्याला ते समजावून सांगितलं नाही. बोटीची नोंदवही कुठे आहे, एवढंच विचारलं. भिजून लगदा झाली, तो म्हणाला, काच फुटून पाणी आत आलं तेव्हा.

आई चहा घेऊन आली होती. समितीत कोण आहेत, त्यांना मुलंबाळं आहेत का, मनगट मोडलेल्या शिक्षिकेला मी डबा पाठवला तर लाच दिली असं होईल का, हे सगळं तिने एका दमात विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

बाईंनी चहा संपवला. कप खाली ठेवून म्हणाल्या, "काच प्रवाशांच्या बाजूची फुटली. नोंदवही सुकाणूघरात असते. मध्ये दार आहे आणि चार पायऱ्या आहेत. पाणी चढून गेलं का रे वर?"

छोट्याची नजर कपाटाकडे गेली.

"छोट्या," मी म्हणाले.

तो उठला. कपड्यांच्या कपाटातून, आईच्या ठेवणीतल्या चादरींच्या मधून, त्याने नोंदवही काढली. कोरडी ठणठणीत होती. ती त्याने बाईंच्या हातात दिली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

प्रत्येक दिवसाला एक ओळ. डावीकडच्या रकान्याचं शीर्षक होतं 'ताई', उजवीकडच्याचं 'डोळे'. डावीकडे माझ्या कागदावरचा आकडा, उजवीकडे बंदराच्या तोंडाशी त्याने स्वतः पाहिलेली लाट. रोजच्या ओळीखाली त्याची सही आणि इंजिनवाल्याची सही. दोन वर्षं हे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

सहा तारखेपर्यंत दोन्ही रकाने सख्ख्या बहिणींसारखे जुळत होते. सात तारखेपासून मधूनच फाटायला लागले. ताई शून्य पूर्णांक सहा, डोळे शून्य पूर्णांक नऊ. ताई शून्य पूर्णांक सात, डोळे एक. मग चार दिवस बरोबर, मग पुन्हा फरक. फरक पडलेल्या प्रत्येक दिवसापुढे त्याने पेन्सिलीने एक शब्द लिहिला होता, 'लांब', म्हणजे त्या दिवशी दोन लाटांमधलं अंतर जास्त होतं. आणि त्या शुक्रवारी ताई एक, डोळे दोन.

त्याने कागद वाचला होता. आणि तीन आठवडे त्याला माझी चूक दिसत होती.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

त्याने सांगितलं ते असं. त्या महिन्यात माझ्या मुलीची परीक्षा होती, सासूबाई दवाखान्यात होत्या, मी फोनवर जांभया देत होते. त्याला वाटलं, ताई दमली आहे, होईल ठीक. तोवर लांब लाटांच्या दिवशी तो मनातल्या मनात माझ्या आकड्याची जवळजवळ दीडपट धरायचा. शुक्रवारी एकाचे एक पूर्णांक चार झाले. दीडच्या आत होते, म्हणून त्याने बोट सोडली.

म्हणजे माझ्यावर आरोप होता की भावाला वाचवायला मी फाइल बदलली, आणि भाऊ मला वाचवायला परवाना सोडून बसला होता. बाईंनी नोंदवही मिटली. वेड्यांचा बाजार आहे, असं त्या आतल्या आमच्या आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "टेकडी शनिवारी नाही गेली. सहा तारखेला गेली. आणि सहाला फाइलमध्ये काय घातलं होतंस?"

काकांची मोजणी. छोट्याला सुकाणू धरायला ज्यांनी शिकवलं, त्या काकांची.

४

बुधवारी सकाळी बाईंनी कुलपाला काहीही विचारलं नाही. त्याच्यासमोर बसून, तू शनिवारी काय केलंस ते मीच सांगते, असं म्हणाल्या. अपघाताची बातमी शुक्रवारी रात्री तुझ्या कानावर आली. उद्या कोणी या फाइलींना हात लावेल, अशी तुला भीती वाटली. म्हणून शनिवारी घरूनच तू खोलीची फाइल आणि महिन्याभराचे कागद सुरक्षित जागी हलवलेस. हलवताना त्यांच्यावर त्या दिवसाची तारीख पडली. आणि आता तेच पुरावा म्हणून आपल्या मॅडमच्या गळ्यात पडतंय, हे दिसत असूनही तू गप्प आहेस, कारण जागा कोणती ते सांगावं लागेल.

कुलपाने आधी दोन्ही खण बंद आहेत का ते पाहिलं. मग म्हणाला, की जागा सोडून बाकी सगळं बरोबर आहे. जागा तो समितीलासुद्धा सांगणार नव्हता. पण शनिवारी फाइली नुसत्या हलवल्या, आत काही बदललं नाही, हे लिहून द्यायला तयार झाला. त्याने दिलेल्या कागदावर त्याची सही होती आणि माझ्याकडे मागितलेली माफी होती. माफी साडेतीन ओळींची होती.

आता बाई फळ्याकडे वळल्या. शिकवायच्या तशाच स्वरात त्यांनी मला विचारलं, की चूक वाऱ्याच्या आकड्यात असती तर काय झालं असतं. रोजच अंदाज चुकला असता, मी म्हणाले. मग फक्त लांब लाटांच्या दिवशी का चुकला? आखूड लाटेचे पायही आखूड असतात, तिला टेकडीचा फारसा पत्ताच लागत नाही. लांब लाटेचे पाय खोल जातात, तिला टेकडी अडवते, वळवते. म्हणजे चूक तळातच. आणि शुक्रवारी लाटांची दिशा जराशी वळली होती, टेकडी आणि बंदराचं तोंड एका रेषेत आलं होतं, म्हणून छोट्याचं दीडपट पुरलं नाही.

"आणि तुझा बोया?"

बोया टेकडीच्या पलीकडे. लाट टेकडीवर यायच्या आधीच तो तिला मोजून मोकळा होतो. मी अंदाज जिथे पडताळत होते तिथे तो बरोबर होता, आणि जिथे माणसं होती तिथे चूक. जगभरचे शोधनिबंध चाळून पडताळणीच्या नव्या पद्धती शोधत होते मी. टेकडीच्या अलीकडे लाट मोजणारं एकमेव यंत्र माझ्या माहेरच्या कपाटात चादरींच्या मधे होतं. काखेत कळसा म्हणतात तो असा.

साहेबांना मात्र वेगळी वाट सुचली होती. त्यांचं म्हणणं असं, की नवी मोजणी नवीन यंत्राने झाली आहे. ती टेकडी नाही म्हणत असेल तर टेकडी नसेलच. जुने लोक दोरी सोडून खोली मोजायचे, चुकले असतील. हे ते बाईंच्या तोंडावर म्हणाले, आणि मग लगेच चष्मा पुसला.

बाईंनी काकांच्या मोजणीची मूळ नोंद मागवली. माझ्याकडे येते ती चौकोनांची तयार फाइल. मूळ नोंद म्हणजे बोट जिथून जिथून गेली तिथली प्रत्येक जागा आणि तिथली खोली, लाखभर ओळी. मी ती कधी उघडली नव्हती. बाईंनी मला ते मार्ग कागदावर छापायला लावले.

वहीतल्या रेघांसारखे सरळ मार्ग होते, शंभर-शंभर मीटरवर एक. काकांचा हात पक्का. फक्त एका ठिकाणी तीन रेघा बाजूला वाकल्या होत्या, वर वाकलेली एक, खाली वाकलेल्या दोन, आणि पुढे जाऊन पुन्हा सरळ. मधे पापण्या उघडल्यासारखी एक रिकामी जागा उरली होती. तिच्यात एकही आकडा नव्हता.

टेकडी तिथेच होती. काका तिला वळसा घालून गेले होते.

"मग त्या रिकाम्या जागेत सपाट तळ कुठून आला?" साहेबांनी विचारलं.

मोजणीच्या नोंदीतून चौकोन भरणारा एक जुना प्रोग्रॅम आहे. मधे आकडे नसतील तर तो दोन्ही काठ सरळ रेषेने जोडतो, आणि नव्या मोजणीच्या हद्दीतलं जुनं सगळं पुसतो. दोन्ही काठांना अठरा मीटर, म्हणून मधेही अठरा. साहेबांनी विचारलं, हा प्रोग्रॅम कोणाचा.

बाईच म्हणाल्या, "माझा."

५

काका धक्क्यावर बोटीचं इंजिन पुसत होते. ठेंगणे, रुंद, कमी बोलणारे. बाईंना बघून त्यांनी हात पुसले आणि बसायला खोकं पुढे केलं. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागले होते.

बाईंनी कागद उलगडला आणि बोट टेकवलं. हा वळसा का घातला, असं विचारलं. काकांना प्रश्नच कळला नाही. त्या जागेवरून बोट न्यायचीच नसते, ते म्हणाले. लांब लाट असली तर साध्या दिवशीसुद्धा तिथे पाणी अचानक उभं राहतं. त्यांच्या वडिलांनी त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं, त्यांनी छोट्याला पहिल्या दिवशी सांगितलं. आणि बोटीखाली मोजणीचं नवं यंत्र लटकवलेलं, ते खडकाला लागलं असतं तर?

"पण मग मोजणी अर्धी राहिली हे सांगायचं होतं ना," मी म्हणाले.

"काय सांगायचं त्यात? टेकडी तिथे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या संगणकात नाही का?"

होती, मी सांगितलं. तुम्ही वळसा घातला म्हणून गेली.

काकांनी कागद माझ्या हातातून घेतला. डोळ्यांजवळ धरून तीन वाकलेल्या रेघा बघत राहिले. मग त्यांनी शिक्षिकेच्या मनगटाबद्दल विचारलं, कोणता हात, ती लिहिते कोणत्या हाताने. उजवा, मी सांगितलं. ते खाली बसले.

हे सगळं समितीला सांगता आलं असतं, पण सिद्ध करता आलं नसतं. साहेबांचा मुद्दा शिल्लकच होता. रिकामी जागा म्हणजे टेकडी आहे असा पुरावा नव्हे, आणि जुनी मोजणी बाईंच्याच काळातली. टेकडी मोजल्याशिवाय सुटका नव्हती, आणि ती मोजू शकणारा माणूस तिच्यावरून कधी गेला नव्हता.

गुरुवारी सकाळी सात वाजता काकांनी स्वतःहून फोन केला. वारा नाही, लाट लहान आहे, भरती आहे, या.

बोटीवर ते, मी आणि छोट्या होतो. बाई धक्क्यावर थांबल्या. त्यांना बोट लागते. तीस वर्षं समुद्राचं गणित करून त्या समुद्रावर एकदाच गेल्या आहेत. छोट्याला सुकाणू धरायची बंदी होती, म्हणून तो काकांच्या मागे हात बांधून उभा राहिला. यंत्र आम्ही दोरीने वर ओढून बोटीच्या पोटाशी बांधलं होतं. मी आकडे मोठ्याने वाचत होते. अठरा. अठरा. साडेसतरा.

काकांचे हात सवयीने डावीकडे वळायला लागले. बोटीचं नाक वळलं.

"काका, सरळ," छोट्या हळूच म्हणाला.

काकांनी नाक सरळ केलं. त्यांच्या मानेवर घाम होता. चौदा, मी वाचलं. अकरा. आठ. साडेसहा. सहा पूर्णांक दोन. छोट्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. सहा. सहा पूर्णांक एक. भरतीचं पाणी वजा केलं की पाच. मग सात, दहा, पंधरा, अठरा.

काकांनी इंजिन मंद केलं आणि मागे वळून त्या पाण्याकडे बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"पुन्हा जाऊ," ते म्हणाले. "एका रेघेत काय कळणार?"

आम्ही तिच्यावरून बावीस वेळा गेलो.

६

नवे आकडे घालून मी शुक्रवारचा, अपघाताच्या दिवसाचा हिशेब पुन्हा सोडवला. बंदराच्या तोंडाशी उत्तर आलं एक पूर्णांक नऊ. टेकडी फाइलमध्ये असती तर बोट सुटली नसती.

समितीसमोर बाईंचा अहवाल दोन पानांचा होता. त्याची सुरुवात अशी होती, "पहिली चूक माझी. रिकामी जागा म्हणजे सपाट जागा असं तीस वर्षांपूर्वी मी धरून चालले, आणि ते कुठेही लिहून ठेवलं नाही." त्याखाली काकांचा वळसा, मग माझी पडताळणी. कुलपाच्या सावधगिरीला एक ओळ मिळाली. सहा तारखेची मोजणी मंजूर केल्याची आपली सही साहेबांनी आपणहून दाखवली, चष्मा न पुसता.

समितीच्या अध्यक्ष एक करड्या केसांच्या बंदर अधिकारी होत्या. त्यांनी नोंदवही शांतपणे चाळली, दोन्ही रकान्यांची शीर्षकं पाहिली आणि छोट्याला विचारलं, की ही वही दाखवली असती तर तुम्ही पहिल्याच दिवशी सुटला असता, मग लपवली का.

"ताईचं नाव खराब झालं असतं," तो म्हणाला.

"तुमचा परवाना जात होता."

"परवाना परत काढता येतो."

मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. मला बोलायची वेळ आली तेव्हा बोलायचं ते मी लिहून आणलं होतं. ते बाजूला ठेवून मी एवढंच सांगितलं, की माझ्या भावाने तीन आठवडे माझी चूक झाकली आणि त्या झाकण्यामुळे एका बाईंचं मनगट मोडलं. त्याने पहिल्या दिवशी मला फोन करून झापलं असतं तर मला जास्त आवडलं असतं. नोंदीत हेही घ्यावं. छोट्याने माझ्याकडे पाहिलं, दुखावल्यासारखं, आणि मग मान हलवली.

निकाल तासाभरात आला. परवाना कायम. वही लपवल्याबद्दल आणि चूक दिसत असताना न कळवल्याबद्दल एक महिना बोट बंद. मला लेखी ताकीद. केंद्राला आदेश, की यापुढे कोणतीही मोजणी मूळ नोंद पाहिल्याशिवाय फाइलमध्ये जाणार नाही.

तो महिना छोट्याने आईच्या घराला रंग देण्यात घालवला. शिक्षिकाबाईंकडे तो आणि काका मिळून गेले. त्यांनी दोघांना बसवलं, डाव्या हाताने चहा ओतला, सांडला, आणि टेकडीची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली. मधे दोनदा थांबवून प्रश्न विचारले. काका घरी येऊन म्हणाले, की इतकं तर समितीनेही विचारलं नव्हतं.

महिना संपल्यावरच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेसहाला मी स्वयंपाकघरात होते. कागद निघून अर्धा तास झाला होता. आकडा एक पूर्णांक तीन, नव्या टेकडीसह, तीनदा तपासलेला. फोन वाजला.

"ताई, धक्क्यावर उभा आहे," छोट्या म्हणाला. "तुझं एक पूर्णांक तीन आहे."

"हो."

"मला दीडच्या वर वाटतंय. थोडंसंच. बाहेरून आडव्या लाटा पण येतायत, दोन दिशांनी."

दोन दिशांच्या लाटा आमच्या मॉडेलला फारशा जमत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पलीकडे प्रवाशांचा आवाज येत होता. महिन्याभराने परत आलेला कप्तान पहिल्याच दिवशी फेरी रद्द करणार, म्हणजे काय काय ऐकून घ्यावं लागेल ते दोघांनाही माहीत होतं.

"कागदावर काय आहे ते माहीत आहे मला," तो म्हणाला. "तुला विचारतोय."

"नको सोडूस," मी म्हणाले. "कोणी विचारलं तर सांग, ताईने नको म्हटलं."

"नाही," तो म्हणाला. "मी सांगेन, मी बघितलं."

फोन बंद झाला. मी गॅस मंद केला, मुलीला उठवलं आणि आठच्या आधीच केंद्रात पोचले. कुलपाने दार उघडून दिलं. मी त्याच्याकडून पहाटेच्या लाटांची मूळ नोंद मागून घेतली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.